चार बोटांचा ळ

माझ्या वडिलांच्या तोंडात ळ नाही. आम्ही त्यांना नाना म्हणतो. सोनगीरकडच्या खेड्यातला माणूस, अहिराणीत वाढलेला, तिथे ळ कुठून येणार? धुळ्याला ते धुये म्हणतात, जळगावला जयगाव आणि डोळ्याला डोया. गंमत अशी की आयुष्यभर हा माणूस धुळ्यात दुकानांच्या पाट्या रंगवत आला, आणि ज्या पाटीवर धुळे नाही अशी पाटी आमच्या गावात निघायची नाही. म्हणजे बोलायला जमत नाही ते अक्षर त्यांनी सगळ्यात जास्त वेळा काढलं. काय तो ळ! दोन्ही पोटं भरलेली, मधला आकडा सैल. मी लहानपणी चिडवायची, नाना, म्हणून दाखवा. ते म्हणायचे, "बोलता नही येत, पन काढता येस ना!"

फ्लेक्स आले आणि ब्रश डब्यात गेले, ते सगळ्यांचंच झालं. माझी कंपनी पुण्याची, पण काम घरून चालतं, म्हणून मी धुळ्याला परत आले. एक दिवस माझ्या डोक्यात किडा वळवळला. नानांची अक्षरं कॉम्प्युटरवर आणायची. अख्खा फॉन्ट करायचा, अ पासून ज्ञ पर्यंत, कोणीही टाइप करावं आणि नानांच्या हातचं अक्षर उमटावं. मला एखादी गोष्ट सुचली की धीर निघत नाही. आठवड्याच्या आत वरच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर, त्याला भला मोठा मॉनिटर आणि पडद्यावर चित्र काढायचं पेन, असा थाट मांडला. कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं, कारण मी तेच वापरते आणि त्याच्या पोटात हात घालायची मला खोड आहे.

मॉनिटर फार बारीक दाण्याचा होता. अशा पडद्यावर सगळं खसखशीएवढं दिसतं, म्हणून कॉम्प्युटरला सांगावं लागतं की बाबा, प्रत्येक गोष्ट दुप्पट करून दाखव. ते मी सांगितलं. नाना खुर्चीत बसले, कोऱ्या पानावर अ काढला आणि असे हसले की बस! मी पडद्यावर मोजपट्टी आणून दिली, आडव्या रेघा आखून दिल्या. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. डाव्या हाताची चार बोटं काचेला आडवी लावली, वर-खाली खूण केली आणि अक्षर तेवढं काढलं. पाटीवर असंच करत आले ते. अक्षर चार बोटं, मात्रा दीड बोट. "पट्टी हरायी जास, बोटे हरायतस का?" पट्टी हरवते, बोटं हरवत नाहीत.

त्याच सुमारास त्यांच्या एका डोळ्याच्या पडद्याला सूज आली, साखरेमुळे. जळगावच्या डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन दिलं. मी खाली औषधाच्या रांगेत होते तेव्हा डॉक्टरांनी नानांना सांगितलं होतं, वस्तू लहान किंवा वाकड्या दिसायला लागल्या तर लगेच या, नाहीतर नजर जाईल. हे मला नानांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा सगळा तमाशा झाला नसता. पण आमच्या घरात आजार सांगायचा नाही आणि राग दाबायचा नाही. पहिलं नानांचं, दुसरं माझं.

झालं असं, की नानांनी काढलेली अक्षरं मी खाली माझ्या लॅपटॉपवर ओळीत लावायची. पहिले पंधरा दिवस सुरेख चाललं. मग मध्येच एक अक्षर अवाढव्य यायला लागलं. कालचे क, ख नीट, आजचा ग एकदम डोंगराएवढा. एक दिवस सगळं ठीक, दुसऱ्या दिवशी सगळंच राक्षसी. मी भडकले. "नाना, काय चाललंय? मापात काढायला काय होतं तुम्हाला? आयुष्यभर पाट्या रंगवल्या ना?" नाना तेच अक्षर बोटांनी परत मोजून बघायचे. एकदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आते. बठ्ठं झायं मनं." माझं सगळं झालं आता, राहू दे. मला वाटलं, कंटाळले. मी आणखी चार शब्द ऐकवले. तेव्हाची माझी जीभ आठवली की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर ते वर जायचे, पण तासाभरात खाली यायचे. अक्षरं कमी झाली, आणि आली ती बहुतेक मोठीच.

एका रविवारी सकाळी मी ठरवलं, ही मोठी अक्षरं कशी तरी दाबून मापात बसवू. दोन ळ शेजारी ठेवले, एक चांगल्या दिवसाचा, एक वाईट दिवसाचा. मापं बघितली. दुप्पट. ठीक आहे, योगायोग. दोन म बघितले. दुप्पट. दोन ध बघितले. दुप्पट! बरोबर दुप्पट, ना कमी ना जास्त!

मी खुर्चीतून अशी उठले की चहा सांडला. अहो, माणूस चुकला तर एकोणीस-वीस चुकतो. कधी थोडा मोठा, कधी थोडा लहान. बरोबर दुप्पट कोण चुकतं? माणूस नाही, मशीन! दुप्पट करून दाखव असं मीच त्या मशीनला सांगितलं होतं. काही दिवस ते विसरत असणार. सगळं निम्मं दिसलं, की नानांची चार बोटं पानाचा दुप्पट भाग झाकणार. बोटं बरोबर होती. पहिल्या दिवसापासून बरोबर होती!

मी धावत वर गेले. नाना काचेला नाक लावून बसले होते. पडद्यावर सगळं मुंगीएवढं. खिडक्या कोपऱ्यात आक्रसलेल्या, अक्षरं वाचायची तर सुईत दोरा ओवताना करतात तसे डोळे बारीक करावे लागत होते.

"अगं माय! नाना, एवढं बारीक? हे असं कधीपासून आहे?"

नाना हळूच वळले. मग म्हणाले, "तुले बी बारीक दिसस?"

"मग? आंधळी आहे का मी? सगळ्यांनाच बारीक दिसेल हे!"

"तुले बी?" त्यांनी परत विचारलं, आणि पेन खाली ठेवलं. तेव्हा ते बोलले. डॉक्टर काय म्हणाले होते ते, आणि वस्तू लहान दिसायला लागल्या म्हणजे डोळा चालला, असं धरून तीन आठवडे ते गप्प होते ते. मला सांगितलं तर मी जळगावला ओढत नेईन, डोळ्यात सुई टोचतील, आणि तरी नजर जायची ती जाईलच, असा त्यांचा हिशोब. एखादा दिवस सगळं नीट दिसायचं. त्या दिवशी त्यांना वाटायचं, देवाने आजचा दिवस दिला.

"अहो पण नाना, तुमची बोटं? बोटंही लहान दिसली का तुम्हाला?"

"बोटे?" त्यांनी हात डोळ्यांपुढे धरला. "बोटे तं तेवढीच शेतस."

"मग! डोळा गेला असता तर बोटंही निम्मी दिसली असती ना! नुसता पडदाच कसा निम्मा दिसेल?"

नाना हसले नाहीत. त्यांना ते पटायला वेळ हवा होता, आणि मला मुळीच धीर नव्हता. मी म्हटलं, आज सकाळी उठल्यापासून काय-काय केलंत ते सगळं करून दाखवा, एकही गोष्ट सोडायची नाही. तेव्हा चोर सापडला. पहिले पंधरा दिवस सगळं चालू-बंद मी करायची, पुढे नाना स्वतःच करायला लागले. कॉम्प्युटर मी कधी बंद करू देत नाही, तो नुसता झोपवायचा. त्याच्या बटणावर 'हे बटण बंद करू नये' अशी पाटी आहे, नानांनीच रंगवलेली. पण खोलीतून निघताना एकही बटण बंद केलं नाही तर आमच्या घरात पाप लागतं! म्हणून नाना कॉम्प्युटरचं बटण सोडून मॉनिटरचं, भिंतीवरचं, बंद करायचे. सकाळी येऊन आधी कीबोर्डवरची कळ दाबून कॉम्प्युटर उठवायचे, मग भिंतीवरचं बटण. कॉम्प्युटर जागा होऊन बघतो तर मॉनिटरच नाही! मग मॉनिटर उगवला की त्याला वाटायचं, हा कोण नवीन पाहुणा, आणि दुप्पट करायचं विसरून जायचा. ज्या दिवशी नानांनी चुकून आधी भिंतीवरचं बटण दाबलं, त्या दिवशी देवाने दिवस दिला.

मी करून दाखवलं. कॉम्प्युटर झोपवला, बटण बंद, कळ, बटण. मुंग्या! सगळं नीट केलं, परत झोपवला, आता उलट क्रमाने. सगळं पहिल्यासारखं! "आखो एक डाव," नाना म्हणाले. पुन्हा केलं. "आखो." सात वेळा केलं आम्ही. शेवटी त्यांनी स्वतः बोटं काचेवर ठेवली, मी कॉम्प्युटर झोपवून चुकीच्या क्रमाने उठवला, आणि त्यांच्या चार बोटांखाली ळ निम्मा होऊन बसला. तेव्हा नाना हसले. टाळ्या पिटून हसले. "मायवं! याना डोया फुटेल शेतस, मना नही!" डोळे याचे फुटलेत, माझे नाहीत. मी नाचले, खरंच नाचले, शेजारच्या काकू गच्चीतून विचारायला लागल्या की लॉटरी लागली का.

दुपारपर्यंत मी प्रोग्रामच्या चार ओळी लिहून टाकल्या, झोपेतून उठलं की आधी माप बघ, चुकलं असेल तर दुप्पट कर. आता बटण कसंही दाबा.

तरी दुसऱ्या दिवशी नानांना जळगावला नेलंच. डॉक्टरांनी तपासलं. सूज उतरली होती. यावेळी मी आतच बसले होते, शब्द न् शब्द ऐकला.

परतताना एसटीत नानांनी खिडकी धरली आणि एरंडोलपासून पाट्या वाचत सुटले. मोठ्याने, गाडीभर ऐकू जाईल असं. हा ध पहाय, कोणी काढा व्हई? त्या मात्रेनी मान मोडेल शे! पुढच्या बाकावरचा एक माणूसही त्यांच्याबरोबर पाट्या वाचायला लागला. पारोळा गेलं तशी नानांनी खिडकीची काच ओढून घेतली. मग बाहेरच बघत म्हणाले, "बारा शेतस."

"काय बारा?"

"आपला जिनाना पायऱ्या. सातवीले कोपरा फुटेल शे. मी पाठ करी ठेयेल व्हत्या. डोया मिटीसन. रोज."

मी त्या जिन्यावरून दिवसातून दहा वेळा वर-खाली करते. किती पायऱ्या आहेत, हे मला माहीत नव्हतं.