इंग्लंडचं ऊन

इथे आखातात, अझैब्याला, आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक बाई रोज सकाळी खुर्ची टाकून बसते. नाव मी कधी विचारलं नाही. तिचा मुलगा इंग्लंडात आहे. मोबाइलवर तिकडचं हवामान बघते आणि घरात पाळणा हलल्यासारखं मला सांगते, "आत्ता सर आली. आता ऊन! अगं, तिकडचा वसंत असाच लहरी, फार गोड." स्वतः तिकडे कधी गेलेली नाही. इथल्या आभाळाला मात्र ती आभाळच मानत नाही.

परवा मी विकायच्या कुरडया गच्चीवर वाळत घातल्या होत्या. चीक शिजवताना हात पोळले होते. दूध तापत होतं म्हणून खाली गेले. जाताना भीत भीत तिला म्हटलं, "ढग आले तर हाक मारा हं."

पाऊस मला खिडकीतून दिसला. धावत वर गेले, तर बाई छपराखाली मोबाइलमध्ये, आणि कुरडयांचा लगदा.

"अहो, हाक नाही मारलीत?"

"अय्या, इथे पडतोय होय? तिकडे बघ, लख्ख ऊन!"

मला रडू आलं. लगदा गोळा करत विचारलं, "एवढं तिकडचं बघता, मुलगा काय म्हणतो?"

"त्याला कुठे गं फोनला वेळ! ऊन दिसलं की मी समजते, बरा आहे."

कीव यायला हवी होती. चीडच आली. ज्याला आईशी दोन शब्द बोलवत नाहीत, त्याच्या अंगणातलं ऊन ही साजरं करते, आणि माझ्या कुरडया बुडताना मान वर करत नाही.