जहूरमामूंचा कोरा दंड

१९६४ साली हर्णैहून दुबईला निघालेले जहूर सोलकर स्वतःला वकील म्हणवत, पण कोर्टातले नव्हे. त्यांची भाची अजरा हिचा निकाह दुबईतल्या इद्रीसशी ठरला होता. त्याला रजा नाही, म्हणून पोरीचा होकार घेऊन जाणारे ते तिचे वकील. हा मान अकलेमुळे मिळाला, असं ते बोटीवर भेटेल त्याला ऐकवत. घरात रिकामा माणूस तेवढा एकच होता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

निघताना अजरा म्हणाली होती, “मामू, त्याला जवळून बघा, बोला. मन मानलं तरच हो म्हणा.”

दुबईच्या तोंडाशी बोटीवर देवीचा रोगी निघाला. डॉक्टर एकेकाचा दंड तपासू लागला. मामूंनी ऐटीत लस टोचल्याचा दाखला पुढे केला, बाही वर केली. दंड कोरा करकरीत, लशीचा वणच नाही! सुईच्या भीतीने त्यांनी गावच्या कंपाउंडरला डझनभर सुके बांगडे देऊन नुसता दाखलाच आणला होता. हात दाखवून अवलक्षण! बाकीचे घरी गेले. वकीलसाहेबांना सुई टोचली ती टोचलीच, वर चौदा दिवस तारेच्या कुंपणात. “आमच्या घराण्यात अक्कल आणि हिंमत एका वेळी कधी आली नाही,” असं मामू पुढे स्वतःच सांगत.

इद्रीसला तेलविहिरींच्या बेटावर नोकरीला नेणारी लाँच त्याच शुक्रवारी सुटणार होती, मग तो वर्षभर परतणार नव्हता. म्हणून गुरुवारी तो काझी आणि दोन साक्षीदार घेऊन आला. पहारेकऱ्याने त्यांना वीस हात लांब उभं केलं. उन्हात मामूंना नवऱ्याचं तोंडही धड दिसेना.

“वकीलसाहेब, लडकी राजी है?” काझींनी ओरडून विचारलं.

हो म्हणावं तर पोरीचा विश्वासघात, नाही म्हणावं तर लग्न मोडणार, आणि सगळं एका सुईपायी. मामूंना स्वतःची विलक्षण लाज वाटली. त्यांनी बांगडे, दाखला, अजराची अट, सगळं ओरडून सांगून टाकलं.

साक्षीदार खो खो हसले. इद्रीस हसला नाही.

“जवळून बघा म्हणाली?” एवढंच विचारून तो पहारेकऱ्याला न जुमानता तारेखालून आत शिरला. आत आलेल्याला चौदा दिवस सुटका नव्हती.

“अरे, लाँच? नोकरी?” मामू किंचाळले.

“खलास, मामू. दुसरी मिळेल, इन्शाल्ला. आता बघा.”

मामूंनी बघितलं. नाक जरा मोठं, पुढचा दात किडलेला, आणि गडी भीतीने घामाघूम. मामूंना रडू फुटलं. रडतच ते कुंपणाबाहेर ओरडले, “काझीसाब, लडकी राजी है!”