आक्काचा हात

"एक हाणल्याबिगर काय बी चालत न्हाय," असं म्हणायच्या आधीच आक्कानं एक हाणलेली असायची. अडलेल्या यंत्रमागाला, स्कूटरला, गॅसच्या शेगडीला. कौतुक करायचं झालं तरी पाठीत असा धपाटा बसायचा की कौतुक झालेला माणूस दोन पावलं पुढे जायचा. मी वडगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा ती पेढे खायला आली आणि माझा नवा काउंटर तिनं मूठ आपटून तपासला. काच तडकली. "कच्ची हुती," म्हणाली आणि दुसरा पेढा उचलला.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिच्या गोष्टी सांगताना तुम्हीही हसत असाल.

आमच्या गल्लीत एकजण दारू पिऊन बायकोला लाकडी पट्टीनं झोडपायचा. एका संध्याकाळी आक्का त्याच्या घरात शिरली, त्याच्या हातातली पट्टी हिसकावली आणि ती मोडेपर्यंत त्याला त्याच पट्टीनं मारलं. माणूस उंबऱ्यावर पडून रक्त थुंकत होता आणि आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो. कुणीही मध्ये पडलं नाही. नंतर आक्कानं त्याच्याच घरी गरम आमटी पाठवली. ही गोष्ट गल्लीनं कित्येक वर्षं चवीनं सांगितली. आक्काचा हात दुसऱ्याच्या अंगावर पडला की आम्हाला आवडायचा, हे खरं आहे.

तिच्या घरात मात्र तो हात झेलायला एकच माणूस होतं. नवरा लवकर गेलेला, पुढच्या खोलीत चार यंत्रमाग, आणि मुलगी रेणू. रेणूनं लहानपणी काय काय खाल्लं विचाराल तर लाटणं, फणी, स्टीलचा तांब्या. पोरगी रडायची नाही. त्यानं आक्का जास्तच पेटायची.

कॉलेजात असताना रेणूनं गेमिंगचा एक जुना कॉम्प्युटर मिळवला. बंद पडलेल्या गेम पार्लरमधला तो डबा मीच तिला शोधून दिला होता. घरात दुसरी जागा नव्हती, म्हणून तो मागांच्या खोलीतच कोपऱ्यात बसला. रेणू त्यावर लढाईचा एक खेळ खेळायची. रिंगणात दोघं समोरासमोर, हातात कुऱ्हाडी, आणि एकजण पडेपर्यंत हाणाहाणी. आक्काला तो खेळ अजिबात सोसायचा नाही. "मारामारी बघायची हौस हाय तर माझ्याकडं बघ की," म्हणायची. हा विनोद मीही दुकानात बऱ्याचजणांना ऐकवला होता.

मग तो दिवस आला. मी रेणूचा दुरुस्त केलेला की-बोर्ड द्यायला गेलो होतो. मागाकडे लक्ष ठेवायचं सोडून ती खेळत बसली होती, आणि एका मागावरचे धागे तुटून साडी हातभर खराब झाली होती. आक्का बाजारातून आली, तिनं कापड पाहिलं, आणि हाताला लागला तो धोटा उचलून फेकला. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी अणी असलेला. तो रेणूच्या कानाच्या वर लागला. रक्त मानेवरून उतरलं, ओढणी भिजली, मागावर ताणलेल्या पांढऱ्या उभ्या सुतावरही थेंब पडले. रेणूनं जखमेवर हात दाबला आणि आईकडे नुसती बघत राहिली.

मी तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. निघताना मागे वळून पाहिलं तर आक्का मागावर वाकून तुटलेले धागे गाठत होती. बाकीचे तीन माग तसेच धडधडत होते. तिनं एकही बंद केला नव्हता. त्या क्षणी मला त्या बाईची किळस आली. डोक्याला टाके पडले. केस लांब असल्यामुळे पुढे ते कुणाला दिसले नाहीत.

रेणू पुण्याला नोकरीला गेली आणि तिनं आईचा फोन घेणं बंद केलं. आक्का मात्र रोज लावायची. वाजून वाजून बंद झाला की फोनलाच एक हाणायची. फोडून फोडून तिनं किती फोनच्या काचा बदलून घेतल्या हे मला विचारा.

शेवटी रेणूनं मला फोन केला. म्हणाली, "काका, आईला सांगा, रविवारी दुपारी खेळात ये. फोनवर तिला वरडायचंच येतंय. तितं वरडता येत न्हाय, आनि दोघींच्या हातात सारखंच हत्यार असतंय."

मी निरोप दिला. आक्काला वाटलं मी चेष्टा करतोय, आणि माझ्या दंडावर एक बसली. पण रविवारी ती त्या कोपऱ्यात, रेणूनं मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर बसली. तिच्या घरी नेट नव्हतं, ते माझ्या फोनवरून जोडावं लागे, म्हणून मीही होतो. रिंगण उघडलं, मशाली पेटल्या, रेणूची खेळातली बाई कुऱ्हाड घेऊन समोर आली, तिनं पहिला घाव घातला आणि पडदा गोठला. आक्कानं कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला दणके घातले, पण काही हललं नाही. पुढच्या रविवारीही तेच झालं; तिकडे रेणूला आक्काची बाई रिंगणातून नाहीशी झालेली दिसायची. मशीन अडतं हे माझं सांगणं तिला पटेना, आणि तिसऱ्या वेळी तिचा मला मेसेज आला : आई मधूनच पळून जाते. अजून एकदा पळाली तर मी पुन्हा येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का कॅबिनेट घेऊन दुकानात हजर.

"मी पळून जानारी हाय व्हय?" तिनं डबा काउंटरवर ठेवला. "मास्तर, काय बी कर. ह्यानं मधी दगा द्यायला नगं."

मी डबा उघडला. एका बाजूचा पत्रा तिच्या हातानं आत गेलेला, त्याला तळहाताएवढा पोचा. आत सुताची पिंज गच्च भरलेली, आणि मेमरीच्या खाचांमध्ये चक्क मागाचं तेल. अडलं की तेल सोडायचं, एवढंच तिला ठाऊक. मी तिच्यावर मनसोक्त ओरडलो. ती मान खाली घालून ऐकत होती, म्हणून मीच गप्प झालो.

ते सगळं साफ केलं. पण खरं दुखणं वेगळंच होतं. मशीनची मेमरी इतकी थोडी होती की आग, गर्दी आणि दोन बायका त्यात एकदम मावत नव्हत्या. त्या जुन्या जातीच्या मेमरीच्या पट्ट्या नव्या मिळत नाहीत. शहापुरातल्या एका भंगारवाल्याकडे मोठ्या पट्ट्यांची चांगली जोडी सापडली. पट्टी खाचेत ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबायची असते, कट्ट आवाज येईपर्यंत. मी मुद्दामच म्हणालो, "आक्का, तुम्हीच दाबा. तुमच्या हातात जोर आहे." तिनं अंगठे टेकवले आणि उचलले. "मोडंल की रं," म्हणाली. मग मीच पट्ट्या बसवल्या.

त्या रविवारी मी गेलो तर गल्लीत काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आक्काच्या घरातून आवाजच येत नव्हता. हादऱ्यानं मशीन अडेल म्हणून तिनं चारही माग बंद केले होते.

रिंगण उघडलं. रेणूनं पहिला घाव घातला. मशीन चाललं. दुसरा घाव मानेवर, तिसरा पोटात. पडद्यावर रक्त उडत होतं आणि आक्काचे दोन्ही हात मांडीवर होते. तिची बाई पडली की नवा डाव लागायचा, आणि पुन्हा कुऱ्हाड. मी पुढे वाकून तिला ढालीचं बटण दाखवलं.

"नगं," आक्का म्हणाली. "हाणू दे तिला."

असे कित्येक रविवार गेले. रेणू थकेपर्यंत मारायची. आक्का पापणी न हलवता बघायची, आणि डाव संपला की उठून माग सुरू करायची. मला ते बघवायचं नाही. पण नेट माझं होतं, उठून जाता येत नव्हतं.

आक्का आता नाही. माग विकले गेले. घर आवरताना रेणूनं तो डबा माझ्या दुकानात आणून ठेवला. गिऱ्हाईक पोच्याकडे बोट दाखवून विचारतात, हा पडला होता का? मी व्हय म्हणतो. त्यांना काय सांगू? मला तो दिसला की एकच रविवार आठवतो.

त्या दिवशी रेणूची बाई समोर आली आणि उभी राहिली. कुऱ्हाड खाली. पुढे येईना, मागे जाईना. आक्का घाव यायची वाट बघत बसली. "आडाकलं, मास्तर," ती म्हणाली. "तिला वाटंल मी पळालो." आणि तिनं हात उगारला.

"थांबा, आक्का. मागच्या मशाली बघा, हलतायत. मशीन चालू आहे."

"मग ही का हाणंना?"

"तीच थांबलीय."

हात बराच वेळ वर तसाच होता. मग तो सावकाश खाली आला आणि कॅबिनेटवर, त्या पोच्यावर टेकला. आक्कानं कशाला नुसता हात लावलेला मी तेवढाच पाहिला.