राक्षसाच्या गळ्यातला माइक

वामनभाऊचा आवाज नेमका मंडईच्या दिवशी बसला. सानगडीच्या बाजूला आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि भर दुपारी दंडार हे आमचं लोकनाट्य होतं. तीत राक्षसाचं सोंग वामनभाऊचं, दरवर्षीचं. आणि गळ्यातून निघत होती नुसती घरघर.

"यंदा माह्या भाच्याले राक्षस करतो," दंडार बसवणारे मास्तर म्हणाले.

वामनभाऊनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला मान वळवता येईना.

मी साउंडवाला. नेहमीचा माइक त्याच्या ओठाला लावून आवाज चढवला. कर्णे किंचाळले. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरला की अशी शिट्टी बसते. आम्ही त्याला फीडबॅक म्हणतो. लोक मला काय म्हणतात ते लिहिण्यासारखं नाही.

मग गाडीतला पट्टा आठवला. थ्रोट माइक. गळ्याला बांधायचा. हा बाहेरचा गोंगाट ऐकत नाही, गळ्याची थरथर तेवढी पकडतो. वॉकीटॉकीसाठीची वस्तू; मी नागपूरच्या भंगारातून 'कामी येईल' म्हणून आणलेली. तेव्हा बायको म्हणाली होती, "घरी कुत्रं नाही अन् पट्टा कायले आणला जी? सोताले बांधता का?"

वॉकीटॉकीची पिन कापली, मिक्सरची जोडली, माइकला करंट मिळावा म्हणून मध्ये सेलची डबी बसवली. आधी तारा उलट्या जोडल्या, ते जाऊ द्या. आवाज आला, पण गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा. बास उतरवला, ट्रेबल चढवला आणि सगळं इको मशीनमधून काढलं.

"बोल, भाऊ."

"कोण हाये रे तिकडं?" वामनभाऊ कसाबसा पुटपुटला.

कर्ण्यांतून डोंगर बोलला. शेजारी ढोलकी कडकडत होती, तरी शिट्टी नाही! मास्तर दोन पावलं मागे सरकले. "भाच्याले बसू दे," म्हणाले.

दंडार रंगली. एकच गोष्ट मी विसरलो होतो. वामनभाऊच्या गालात खर्रा होता. तंबाखू-सुपारी घोटलेला हा खर्रा आमच्याकडे नटाच्या मेकअपआधी लागतो. स्टेजवर थुंकायचं कुठं? त्यानं रस गिळला. गळ्याला माइक, माइकवर इको.

घटक्... घटक्... घटक्...

मैदानभर ऐकू गेलं. मी आवाज बंद करायला बटणाकडे झेपावलो. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "अवो माय! अख्खा माणूस गिळला वो यानं!"

मग ज्या शिट्ट्या पडल्या, त्या कर्ण्यांच्या नव्हत्या. मी बटणावरचा हात इकोवर नेला आणि इको वाढवला. वामनभाऊही समजला. डायलॉग सोडून गिळतच सुटला. शेवटी तंबाखू चढली आणि तो खरोखरच आडवा झाला. लोकांना वाटलं, राक्षस मेला. टाळ्या थांबेनात.

तोंडावर पाणी मारल्यावर तो उठून बसला. मास्तर म्हणाले, "पुढच्या सालीही राक्षस तूच, वामन. फक्त मरायची घाई नको करू." मग मला विचारलं, "अन् तो गिळायचा इफेक्ट कोणत्या मशीनचा गा?"

"फॉरेनच्या मशीनचा आहे," मी म्हणालो.

नव्या साउंडवाल्यांना माझं एवढंच सांगणं: थ्रोट माइक बांधण्याआधी नटाचा गाल तपासा. भरलेला असला, तर इको थोडा जास्त ठेवा.