उघडं फाटक

आमच्या सरस्वतीपुरमच्या घरात खाली राहणारे भाडेकरू गृहस्थ फाटक कधीच लावत नाहीत. गाय शिरते, कुंडीतली माझी शेवंती खाते. मी ओरडले की कानडीत "बिडी अक्का", म्हणजे सोडा हो अक्का, म्हणतात, "राहू दे उघडं."

निवृत्त होण्याआधी ते बंदरावर पहारेकरी होते. काल मी चिडून फाटकाला कडी घातली, तर ती काढायला आले.

"कोरोनात जहाजावरच्या कुणाला खाली उतरू द्यायचं नव्हतं. तिकडे गावी एका खलाशाचा बाप वारला. जमिनीवर उभं राहून रडतो म्हणाला, तेवढंच. मी अडवलं. शिडीवरच बसून रडला."

"नियमच होता ना तसा?"

"बरोबरच होता, अक्का."

त्यांनी कडी काढली, कोरोनात लागलेल्या, अजूनही न सुटलेल्या सवयीनं कोपरानं फाटक सताड ढकललं.

संध्याकाळी शेवंतीच्या कुंड्या मी गच्चीवर नेल्या.