जुदा व्हायची विद्या

कुणाला कुठली मारामारी शोभेल, हे नुसत्या चालण्यावरून ओळखणारा सबंध केज तालुक्यात एकच माणूस झाला, आणि तो माझा मामा! गावच्या दूध सोसायटीत तो दुधाची फॅट काढायचा. दुधासाठी यंत्र लागे; माणसासाठी त्याची नजर पुरे. किटली खाली ठेवायच्या आत निकाल लागलेला असे. "तुजा खांदा दांडपट्ट्याचा हाय बे, कुस्तीत कशाला मरतूस?" दुष्काळात तर त्याची चंगळच झाली. टँकरपुढं अख्खं गाव घागरी घेऊन लोटायचं आणि मामा दगडावर बसून कुणाचं कोपर चालतं, कुणाचा पाय रोवतो ते बघत ओरडायचा, "काकू, तुमी लाठी घ्या, लाठी!" काकू म्हणायच्या, "घेते की, आधी तुज्याच पाठीवर शिकते." सोसायटीच्या चेअरमनला त्यानं भर बैठकीत सांगितलं, "सायेब, तुमी कुस्तीचे. एकदा बूड टेकलं की कुणाच्या बापाला उठवत न्हाई." चेअरमन इतके खूश झाले, की सगळ्यांना चहा सांगितला.

मामाची स्वतःची विद्या कुस्तीच. पण प्यायलाच पाणी नाही, तिथं आखाड्याची माती कशानं भिजवायची? त्यानं सोसायटीतलं नासलेलं दूध ओतलं. माती मऊ झाली, पण पैलवानांच्या आधी गावची कुत्रीच आखाड्यात उतरली. मग त्याला बिनपाण्याच्या विद्येचा ध्यास लागला, आणि अंबाजोगाईच्या एका मैदानावर त्यानं ज्युदो पाहिला. परतला तो पेटूनच. "जुदो! नावातच हाय की सगळं. कुणी धरलं, की जुदा व्हायचं!" जपानी लोकांना आपली बोली येते, याचा त्याला लई अभिमान.

त्याच उन्हाळ्यात मी बारावी झाले. अंबाजोगाईच्या कॉलेजात नाव लागलं आणि माझे वडील, दादा, अडून बसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. "जीपमधी गर्दी. कुणी हात धरला तर?" मामा उडालाच. "दाजी, हिचं मनगट जुदोचं हाय! तुमीच धरा. सुटली तर जाऊ द्या." दादा म्हणाले, "बरं."

मग काय! अंगणात सरकी पेंडीची रिकामी पोती अंथरली. मामा धरायचा, मी पिळायची. "चार बोटांशी भांडू नगंस. अंगठ्याशी भांड, त्यो एकटा हाय!" आई चुलीपासून ओरडायची, "अरं, पोरीचा हात मोडशील!"

शेवटी दादांनी धरला. नांगराची मूठ दाबणारा हात तो! मामा भोवती नाचतोय, "अंगठा! अंगठा!" मी पिळलं, हललंसुद्धा नाही. पुन्हा सगळं अंग फिरवून हिसडा मारला आणि सुटले! दादा आपल्या रिकाम्या मुठीकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "जीप कवा हाय?" मामानं पोत्यांवर कोलांटी मारली.

पुढं कॉलेजात ज्युदोचा खरा अर्थ कळला, 'मऊपणाची वाट'. मी घरातली पहिली पदवीधर, ताठ मानेनं सांगते. पण तो शब्द निघाला की मी मामाचाच अर्थ सांगते.

कॉलेजला पहिल्यांदा निघाले, त्या दिवशी मला सोडायला मामा फाट्यावर आला होता. जीप सुरू झाली. मी खिडकीतून हात काढला. "मामा, हात दे की." त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नगं पोरी. मी धरला, तर आज तुला सुटता यायचं न्हाई."