वाणाचे डबे कुठल्या खात्यात?

मैत्रिणींनो, आज डोकं पार चक्रावलंय.

तुम्हाला माहितीये, मी घरून स्वयंपाकघरातले डबे विकते. यंदा तोटा झाला, म्हणून रिटर्न भरायला आमच्या मोशीतल्या टॅक्सवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, पडून राहिलेला माल म्हणजे तोटा नव्हे, तो शिल्लक साठा. पण खरेदीच्या बिलातले हे छोटे डबे ना विकलेत, ना शिल्लक आहेत. गेले कुठे?"

"संक्रांतीला वाण म्हणून वाटले."

"मग तो घरखर्च. तोट्यात धरता येणार नाही. जाहिरातीसाठी दिले असतील तर गोष्ट वेगळी."

हळदीकुंकू मनापासून केलं होतं हो! पण प्रत्येक डब्याच्या बुडाला माझ्या नंबरचा स्टिकरही मीच लावला होता.

आता तुम्हीच सांगा, त्या दिवशी माझ्याकडून वाण नेलंत की जाहिरात?